पोलिस तपासातील अत्याचारग्रस्त आणि संशयित : हक्कांच्या परस्परसंबंधाचा विचार

प्रस्तावना

फौजदारी न्यायव्यवस्थेविषयी आपल्याकडे होणारी बहुतेक चर्चा न्यायालयाच्या निकालाभोवती फिरते. आरोपीस शिक्षा झाली म्हणजे न्याय झाला आणि तो सुटला म्हणजे अन्याय झाला, असे सोपे समीकरण त्यामागे असते. वस्तुतः खटल्याचे भवितव्य पुष्कळदा पोलिस ठाण्यातील पहिल्या काही तासांतच ठरून गेलेले असते. फिर्याद केव्हा व कोणी लिहिली, तिच्यात कोणते शब्द आले, वैद्यकीय तपासणी कधी झाली, ओळख परेड कशी घेतली गेली या बाबी पुढे दुरुस्त करता येत नाहीत. न्यायाधीशासमोर येते ती घटना नव्हे. घटनेची पोलिसांनी केलेली नोंद येते.

या चर्चेत आणखी एक गृहीतक दडलेले असते. अत्याचारग्रस्त व्यक्तीचे हक्क आणि संशयिताचे हक्क ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, असे मानले जाते. 'गुन्हेगारांना कसले मानवी हक्क?' हा प्रश्न या गृहीतकातूनच उद्भवतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. तपासाच्या पातळीवर पाहिले असता दोघांच्या हक्कांचे उल्लंघन बहुधा एकाच दोषातून होते, तो दोष म्हणजे निष्कर्ष आधी व नोंद नंतर ही कार्यपद्धती, असे येथे प्रतिपादन केले आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली आहे. म्हणून कलमांचे क्रमांक नव्या संहितेनुसार दिले असून आवश्यक तेथे जुन्या क्रमांकांचा उल्लेख केला आहे.

१९७८ : एकाच वर्षातील दोन निकाल

महाराष्ट्रात या विषयाचा विचार देसाईगंज प्रकरणापासूनच सुरू करावा लागतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील (आता हा भाग गडचिरोली जिल्ह्यात आहे) देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. तिच्याच भावाच्या तक्रारीवरून तिला तेथे आणण्यात आले होते. काम आटोपल्यावर इतरांना बाहेर पाठविण्यात आले आणि तिला थांबवून घेण्यात आले. सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष मुक्त केले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या व तिने आरडाओरड केल्याचे दिसत नव्हते, या बाबींना निकालात मोठे महत्त्व मिळाले. (हा खटला सर्वत्र त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. याच खटल्यानंतर झालेल्या १९८३ च्या दुरुस्तीने पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरविला, ही विसंगती आपण सर्वांनी अंगवळणी पाडून घेतली आहे. येथे ते नाव घेतलेले नाही.)

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्या पत्रातील संमतीविषयीचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. त्यातील दुसरा एक मुद्दा मात्र फारसा उद्धृत केला जात नाही. एप्रिल १९७८ मध्ये, म्हणजे अवघ्या काही महिन्यांपूर्वी, त्याच न्यायालयाने 'नंदिनी सत्पथी विरुद्ध पी. एल. दानी' या खटल्याचा निकाल दिला होता. त्यात ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री स्वतः आरोपी होत्या. चौकशीसाठी स्त्रीला तिच्या निवासस्थानाखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही, या कायद्यातील तरतुदीचा भंग झाल्याबद्दल न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त केली होती. मौन बाळगण्याचा आणि वकिलाच्या साहाय्याचा हक्कही त्याच निकालात विशद झाला. मग देसाईगंजच्या मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेण्यात आले, याबद्दल न्यायालयाने एक शब्दही का काढला नाही, असा पत्रलेखकांचा प्रश्न होता.

हा प्रश्न केवळ वर्गभेदाचा नाही, जरी तो त्याचाही आहे. एका आरोपी स्त्रीच्या संरक्षणासाठी उच्चारलेला नियम पोलिसांनी पाळला असता तर तो एका निरपराध मुलीचेही संरक्षण करू शकला असता. संशयिताचा हक्क आणि अत्याचारग्रस्तेचा हक्क येथे शब्दशः एकाच परंतुकात आहे (पूर्वीचे कलम १६०, आता कलम १७९). १९८३ ची दुरुस्ती महत्त्वाची होती यात शंका नाही. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि संमतीच्या अभावाचे गृहीतक साक्षीपुराव्याच्या कायद्यात आले. परंतु त्या दुरुस्तीचा सारा भर पुरावा आणि शिक्षा यांवर राहिला. ठाण्यात रात्री काय घडते, हा प्रश्न मागेच राहिला.

फिर्यादीची भाषा

मराठीच्या अध्यापकांनी विशेष लक्ष द्यावा असा हा भाग आहे. महाराष्ट्रात प्रथम खबरी अहवाल मराठीत लिहिला जातो. तथापि ही मराठी कोणाचीच बोलभाषा नाही. 'सदर इसमाने फिर्यादीच्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले', 'जिवे ठार मारण्याची धमकी देऊन अतिप्रसंग केला' अशी ठराविक वाक्ये पिढ्यान्पिढ्या ठाण्यांत चालत आलेली आहेत. अहिराणी, गोरमाटी, गोंडी किंवा वऱ्हाडी बोलणारी स्त्री आपल्या शब्दांत जे सांगते ते या साच्यात ओतले जाते. तिने सांगितलेले अंतर, अंधार, आवाज, कोणत्या हाताने धरले, तो काय बोलला हे सारे गळून जाते. त्याजागी कायद्याच्या कलमाशी जुळणारा एक शब्द येतो. 'अतिप्रसंग' हा शब्द तर स्पर्शापासून बलात्कारापर्यंत काहीही झाकू शकतो.

याचा परिणाम न्यायालयात दिसतो. पोलिसांसमोरील जबाब हा स्वतंत्र पुरावा नसतो. साक्षीदाराच्या न्यायालयातील कथनातील विसंगती दाखविण्यासाठीच बचावपक्षाला त्याचा उपयोग करता येतो (पूर्वीचे कलम १६२, आता कलम १८१). महत्त्वाची बाब जबाबात नसणे हीदेखील विसंगती ठरू शकते. स्त्री साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तपशील सांगू लागते, आणि उलटतपासणीत तिला विचारले जाते की हे आपण पोलिसांना सांगितले होते काय. तिने सांगितलेले असते. लिहिले गेलेले नसते. लिहिणाऱ्याची आळशी लेखणी तिच्या खोटेपणाचा पुरावा बनते.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. साचेबंद जबाबामुळे निरपराध संशयिताचाही बचाव दुबळा होतो. हल्लेखोराची उंची, बोलण्याची ढब, व्यंग यांची प्रामाणिक नोंद झाली असती तर जो मनुष्य या वर्णनात बसत नाही त्याला पहिल्याच दिवशी वगळता आले असते. 'अंदाजे २५ ते ३० वयोगटातील अज्ञात इसम' या वर्णनात तालुक्यातील अर्धे तरुण बसतात.

कायद्याने या बाबतीत बरीच मजल मारली आहे. २०१३ मधील दुरुस्तीपासून लैंगिक गुन्ह्यांची फिर्याद महिला पोलिस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने लिहावयाची आहे. ती फिर्याददारास वाचून दाखविणे बंधनकारक आहे व तिची प्रत विनामूल्य द्यावयाची आहे. नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी फिर्याद घेतली पाहिजे. 'ललिता कुमारी' खटल्यातील घटनापीठाने २०१३ मध्येच दखलपात्र गुन्ह्याची नोंद अनिवार्य ठरविली. नोंद टाळणारा अधिकारी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र आहे. बलात्काराच्या प्रकरणी पीडितेचा जबाब शक्य तितक्या लवकर न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावयाचा असतो. अपंग पीडितेसाठी दुभाषा अथवा विशेष शिक्षक उपलब्ध करण्याची तरतूद आहे. पण जिची भाषा ठाण्यातील कोणालाही येत नाही अशा आदिवासी स्त्रीचा उल्लेख त्या कलमात नाही. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांचा विचार करता ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. ध्वनिचित्रमुद्रणाची जी मुभा कायद्याने दिली आहे, ती या दृष्टीने केवळ तांत्रिक सुधारणा नाही. तिच्यामुळे मूळ शब्द टिकून राहतात. ते शब्द फिर्यादी व आरोपी या दोघांनाही पुढे उपयोगी पडू शकतात.

दोन शरीरे, दोन निरर्थक चाचण्या

पीडितेची वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीने व माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत व्हावी, अशी तरतूद २००६ पासून अमलात आहे. तरीही दीर्घकाळ या तपासणीचा केंद्रबिंदू 'दोन बोटांची चाचणी' हाच राहिला. स्त्रीला लैंगिक संबंधांची 'सवय' आहे काय, हे ठरविण्याचा दावा करणाऱ्या या चाचणीस कोणताही शास्त्रीय आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती स्त्रीच्या खाजगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी ती सुरूच राहिल्याने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या 'झारखंड राज्य विरुद्ध शैलेंद्रकुमार राय' या निकालात, अशी चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाबद्दल दोषी धरली जाईल, असे न्यायालयास बजवावे लागले.

याच काळात संशयित पुरुषाच्या शरीरावरही अशीच एक चाचणी नेमाने होत आली आहे. ती म्हणजे 'पुरुषत्व चाचणी'. संशयित संभोगास असमर्थ असल्याचे काहीही दिसून आले नाही, एवढाच तिचा ठराविक निष्कर्ष असतो. या वाक्याने गुन्हा सिद्ध होत नाही आणि खंडितही होत नाही. २०१३ नंतरच्या व्याख्येनुसार बलात्कार लिंगप्रवेशापुरता मर्यादितही राहिलेला नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या दोन्ही चाचण्या एकत्रच बंद करण्याविषयी निर्देश दिले. हा योगायोग नव्हे. दोन्ही चाचण्यांत शरीराकडून चारित्र्याची वा सामर्थ्याची ग्वाही मागितली जाते, आणि ज्यातून खरी माहिती मिळाली असती त्या बाबी मागे पडतात : कपडे नीट वाळवून मोहोरबंद करणे, नमुने वेळेत घेणे, ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाईपर्यंत कोणाच्या ताब्यात होते याची सलग नोंद ठेवणे. डीएनए नमुना निर्दोष व्यक्तीला सोडवितो आणि दोषीस गुंतवितो, पण ही नोंद तुटली की तो दोघांपैकी कोणाच्याही कामाचा राहत नाही.

नाशिकचे प्रकरण

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात दिलेला निकाल प्रत्येक विधी महाविद्यालयातच नव्हे, तर समाजशास्त्र व राज्यशास्त्राच्या वर्गांतही शिकविला जावा असा आहे. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली व लैंगिक अत्याचारही झाले. कुटुंबातील एक स्त्री व तिचा मुलगा जखमी अवस्थेत वाचले. या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा पुरुषांना अटक झाली. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती तिघांपुरती कायम ठेवली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाचे अपील मान्य करून सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली. पुढे हा निकाल मागे घेऊन अपिलांची नव्याने सुनावणी झाली आणि सर्वजण निर्दोष ठरले. तोवर त्यांच्या आयुष्यातील सुमारे १६ वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

नव्या सुनावणीत जी बाब निर्णायक ठरली ती प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जाते. वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या संग्रहातील गुन्हेगारांच्या छायाचित्रांमधून चार व्यक्ती ओळखल्या होत्या. या चार व्यक्ती म्हणजे आरोपी झालेले सहा जण नव्हेत. त्या चौघांविरुद्ध तपास पुढे नेला गेला नाही, आणि तिचे हे कथन खटल्यात दडवून ठेवले गेले. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले, आणि निष्पक्ष तपास हा आरोपीच्या घटनात्मक हक्कांचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

या निकालाकडे सामान्यतः निरपराधांची सुटका म्हणून पाहिले जाते. ते योग्यच आहे. परंतु त्या स्त्रीच्या बाजूने तो वाचला म्हणजे काय दिसते? तिने बोलण्याइतकी शुद्ध येताच सांगितले, आणि ज्यांच्याकडे सांगितले त्यांनीच ते बाजूला ठेवले. तिच्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर सहा माणसे फासाच्या छायेत गेली नसती. तिचा हक्क आणि त्यांचा हक्क यांत येथे कोणताही विरोध नव्हता. एकच कागद दोघांचा आधार होता, आणि तो कागद दाबला गेला.

नेमके हेच सहा जण का, हा प्रश्न सामाजिक इतिहासाकडे नेतो. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, तरी तपासयंत्रणेची स्मृती कायद्याइतक्या सहजपणे रद्द होत नाही. गंभीर गुन्हा घडला आणि जनक्षोभ उसळला की संशयाची सुई कोणत्या वस्तीकडे वळते, हे पारधी वा अन्य भटक्या समाजांत काम केलेल्या कोणालाही सांगण्याची आवश्यकता नाही.

अटक, कबुली आणि 'धिंड'

अटकेसंबंधीचे नियम बव्हंशी परिचित आहेत. 'डी. के. बसू' (१९९६) मधील अटक पंचनामा, नातेवाइकास माहिती, वैद्यकीय तपासणी हे निर्देश आता संहितेतच समाविष्ट आहेत. 'सेल्वी' (२०१०) निकालानुसार संमतीविना नार्को चाचणी घेता येत नाही. २०२० मध्ये सर्व पोलिस ठाण्यांत सीसीटीव्ही बसविण्याचे आदेश झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाने, अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीस समजेल अशा भाषेत लेखी देणे सर्व गुन्ह्यांसाठी आवश्यक ठरविले. याउलट पोलिस कोठडीचे १५ दिवस पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागण्याची मुभा नव्या संहितेच्या कलम १८७ ने दिली आहे. संशयिताच्या दृष्टीने ही तरतूद चिंताजनक आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

हे नियम म्हणजे तपासातील अडथळे आहेत, ही तक्रार ठाण्यांत नेहमी ऐकू येते. पोलिसांसमोरील कबुली पुराव्यात ग्राह्य नाही, हा नियम १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यापासून चालत आला असून नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही कायम आहे. त्याला एकच मोठी पळवाट आहे : कोठडीतील माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. परिणामी 'निवेदन पंचनामा' हा तपासाचा कणा बनला. मारहाणीतून मिळालेल्या कबुलीची ओढ एकदा लागली की साक्षीदार शोधणे, मोबाईलचे तपशील मागविणे, नमुने वेळेत पाठविणे ही कष्टाची कामे रेंगाळतात. न्यायालयात कबुली टिकत नाही आणि दुसरे काही हाती नसते. अशा सुटकेचा दोष मग संशयिताच्या हक्कांवर टाकला जातो.

अलीकडे संशयितांची त्यांच्याच वस्तीतून 'धिंड' काढण्याची प्रथा लोकप्रिय होत आहे. लोक टाळ्या वाजवितात आणि चित्रफिती फिरतात. ज्याचा चेहरा अशा रीतीने सर्वांनी पाहिला त्याची ओळख परेड घेण्यास काही अर्थ उरत नाही. परेडपूर्वी संशयित साक्षीदारास दिसला होता, हा बचावाचा सर्वांत प्रभावी मुद्दा पोलिस स्वतःच आरोपीच्या हाती देतात. अनोळखी हल्लेखोराच्या गुन्ह्यात तर पीडितेने केलेली ओळख हाच मुख्य पुरावा असतो.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या संदर्भात

हा विषय आपल्यापासून दूर नाही. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीत आपल्यापैकी अनेकजण काम करतात. विद्यार्थिनी बहुधा घरी सांगण्याआधी एखाद्या मॅडमना सांगते. तिच्यासोबत ठाण्यात जाण्याचा प्रसंग आल्यास, हद्दीचे कारण मान्य करू नये. तिच्याच शब्दांत फिर्याद लिहिली जावी असा आग्रह धरावा. ती वाचून दाखविल्याशिवाय तिने स्वाक्षरी करू नये, आणि प्रतीवरील वेळ पाहून घ्यावी. दखलपात्र गुन्ह्याची अदखलपात्र म्हणून नोंद करून बोळवण केली जाते, हेही ध्यानात ठेवावे. उपचारासाठी फिर्यादीची वाट पाहण्याची गरज नाही. शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य प्रथमोपचार द्यावयाचे आहेत (कलम ३९७).

वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थ्यास 'चौकशीसाठी ताब्यात' घेतले गेले, तरी अध्यापकाचे काम तेच राहते. या वाक्प्रचाराला कायद्यात स्थान नाही. मनुष्य एक तर अटकेत असतो किंवा जाण्यास मोकळा असतो. कलम ३५ खालील नोटीस दिली आहे काय, अटक असल्यास कारणे लेखी मिळाली काय, घरच्यांना व वकिलास कळविले काय, हे शांतपणे विचारता येते. असे विचारणे म्हणजे आरोपीची पाठराखण नव्हे, एवढे सहकाऱ्यांना समजावून सांगण्याची तयारी मात्र ठेवावी लागते.

आपल्यापैकी काहींना पंच म्हणूनही बोलावले जाते. ठाण्यातील टेबलावर आधीच लिहून ठेवलेला पंचनामा समोर सरकविला जातो, आणि 'सर, इथे आणि इथे' असे म्हणून पेन हातात दिले जाते. अशा वेळी वस्तू आपल्यासमोर मोहोरबंद झाली काय, तिच्यावरील कागदी पट्टीवर आपली स्वाक्षरी आहे काय, आणि पंचनाम्यात सुरुवातीची व समाप्तीची वेळ लिहिली आहे काय, एवढे पाहून, नसल्यास ते लिहावयास सांगून, मगच स्वाक्षरी करावी. पाच-सात वर्षांनी न्यायालयात उलटतपासणी होते तेव्हा प्रश्न याच तीन बाबींवर विचारले जातात.